नेहमीसारखा श्वास घ्या!

‘नेहमीसारखा श्वास घ्या’ असं सांगितलं की माणूस त्याच क्षणी नेहमीसारखा श्वास घेणं सोडतो. श्वास घेण्याआधी मेंदूत उठणारी विजेची लाट डोक्यावर इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या चकत्या) लावून मोजायची, हे आमचं काम; आणि सगळं गाडं इथेच अडतं.

एरवी श्वासाचं खातं मेंदूच्या तळाशी असलेला मेड्युला सांभाळतो, वरच्या कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, त्याची गंधवार्ताही नसते. मुद्दाम श्वास घ्यायचं ठरवलं, की मात्र सेकंद-दीड सेकंद आधीच डोक्याच्या माथ्यावर विजेची एक संथ ऋण लाट चढू लागते. बोट हलवण्याआधीची अशी लाट कोर्नहूबर आणि डेके या शास्त्रज्ञांनी १९६५ साली जर्मनीत प्रसिद्ध केली. श्वासाआधीची मेसफील्ड आणि गॅंडेव्हिया यांनी १९९१ मध्ये दाखवली. उंची जेमतेम पाच-दहा मायक्रोव्होल्ट. पापणी लवली तर शंभराच्या पुढे! वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुजबुज ऐकायची, तसलं काम.

पहिला शत्रू खोबरेल. ‘डोकं धुऊन या, तेल नको’ हे तीनदा सांगूनही ‘थोडंसंच लावलंय’ निघतंच, आणि त्या थोडक्यावरून इलेक्ट्रोड सरळ घसरतो. मग पुसा, खरखरीत जेलने त्वचा घासा, पेस्ट लावा, विजेला होणारा रोध ५ किलोओहमच्या खाली आणा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची. ३६ सेंमी भरलं तर १८ वर खूण. दोन्ही कानांमधलं अंतरही तसंच अर्धं करायचं. दोन्ही खुणा जुळतात ती जागा आपल्या इलेक्ट्रोडची.

पुढे नाकाला चिमटा, तोंडात हवेचा प्रवाह मोजणारी नळी. आता लाळ सुटते. ती गिळताना जीभ हलते, आणि जिभेचं टोक मुळाच्या मानाने ऋण असल्यामुळे डोक्यावर एक संथ लाट उमटते. आम्ही शोधतोय तिची जुळी बहीणच म्हणा. पंखा लावला तर तारा हलतात, बंद केला तर घाम, आणि घामाने आलेखाची रेघ उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखी वाहवत जाते. वैतागून कुणीतरी खालचा, म्हणजे संथ लाटा गाळून टाकणारा, फिल्टर ०.५ हर्ट्झवर नेतो. रेघ झकास सरळ होते, लाटही तिच्यासोबत स्वर्गवासी. फिल्टर ०.०५ च्या आसपासच राहू द्यावा आणि एसी लावावा. माझ्या मते यंत्राइतकाच एसी महत्त्वाचा.

एका श्वासात काही दिसत नाही. प्रवाह सुरू होण्याआधीचे अडीच सेकंद आणि नंतरचा एक, असे तुकडे कापून सरासरी काढायची. गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, म्हणजे ८१ श्वास घेतले तर नवव्या हिश्शावर. आठ सेकंदांना एक धरला तर अकरा मिनिटं. पापण्यांनी आणि लाळेने नासलेले तुकडे टाकून दिले की आणखी पाच. घाईघाईने घेतले तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं आणि अख्ख्या मेंदूतच संथ लाटा सुरू होतात.

तुलनेसाठी ‘सहज’ श्वासही लागतात. निरोगी माणसात तिथे लाट दिसू नये. पण रोज प्राणायाम करणारे काका असले, की पूरक-कुंभक-रेचक आपोआप चालू. ‘काका, श्वासाकडे लक्ष देऊ नका’ म्हटलं की जास्तच देतात. म्हणून समोर एखादा रटाळ माहितीपट लावायचा. काका रमतात, रेघ सपाट होते, आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. एवढ्यात पडद्यावर पाणघोडा बुडी मारतो आणि त्याच्यासोबत काकाही श्वास रोखून धरतात.