इशारा पातळी

खंडेनवमीला मी नव्या गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावत होतो. एवढाच माझा गुन्हा.

समोरच्या कट्ट्यावर वस्ताद बसले होते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, आता सत्तरी ओलांडून गल्लीवर नजर ठेवण्याचं काम करतो. ते म्हणाले, "पत्र्याला कुकू लावून काय उपेग? इंजनाला लावा की!"

म्हणणं शास्त्राला धरून होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, लेथची पूजा करताना कुणी शटरला हार घालत नाही. पण अडचण अशी होती, की पाडव्याला गाडी घेतल्यापासून सहा महिन्यांत मी बॉनेट एकदाही उघडलं नव्हतं. किल्ली देताना शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "सर, पहिली फुकटची सर्व्हिस झाली की मग वर्षभर नाहीतर 10,000 किलोमीटर, काही बघायचं नाही." मी ते शब्दशः पाळलं होतं आणि अतिशय सुखात होतो.

सीटखालची कळ ओढली तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. डॅशबोर्डखालची ओढली तर बॉनेट बोटभर वर आलं आणि तिथंच अडून बसलं. आत हात घालून आणखी एक खटका शोधायचा असतो म्हणे. तो शोधत मी गंगावेशीत धार काढणाऱ्या गवळ्यासारखा वाकलो, तोवर मागं सहा माणसं जमली होती. कोल्हापुरात उघडं बॉनेट हे जाहीर निमंत्रण असतं. घराआड एक माणूस फौंड्रीत नाहीतर मशीनशॉपमध्ये आयुष्य काढलेला. त्याला इंजिन दिसलं की पाय आपोआप वळतात.

आत इंजिन नव्हतंच. काळ्या प्लास्टिकचं एक मोठं झाकण होतं. त्यावर मी भक्तिभावानं कुंकू लावलं. झाकणाच्या कडेला अंगठी अडकवल्यासारखी एक पिवळी कडी दिसत होती.

"ह्ये वढा बगू," वस्ताद म्हणाले.

मी ओढलं. तिथून माझी झोप गेली.

वितीपेक्षा बरीच लांब, लवचीक, चपटी पट्टी बाहेर आली. मॅन्युअलमध्ये तिला डिपस्टिक म्हणतात, आमच्या घरात तिचं नाव 'काडी' पडलं. टोकाला दोन खुणा, एक वर, एक खाली. या दोघींच्या मध्ये ऑइल असलं पाहिजे. आता बाहेरगावच्या माणसाला या दोन रेघा म्हणजे नुसत्या दोन रेघा वाटतील. पण आम्ही पातळीवर जगणारी माणसं आहोत. जुलै लागला की सकाळी देवाच्या आधी राजाराम बंधाऱ्याचं नाव घेतो, कारण पंचगंगेची पातळी तिथं मोजतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांआधी येतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर राधानगरी धरणाच्या सात दरवाज्यांपैकी कितवा उघडलाय हे आम्ही घरच्या दारांपेक्षा जास्त लक्षात ठेवतो. त्यामुळं काडीवर दोन रेघा दिसल्याबरोबर माझ्या डोक्यात एक इशारा झाली आणि एक धोका. फक्त प्रकरण उलटं होतं. नदी चढू नये म्हणून हात जोडायचे, ऑइल उतरू नये म्हणून.

पहिल्यांदा काढलेली काडी धरायचीच नसते, कारण गाडी चालताना ऑइल नळीत उडालेलं असतं. ती पुसायची, पुन्हा पार बुडापर्यंत घालायची, मग काढून बघायची. मी पुसली, घातली, काढली. नवं ऑइल इतकं स्वच्छ आणि पातळ, की पट्टीवर आहे की नाही तेच कळेना. उन्हाकडं तिरकी धरली तेव्हा एक बारीक चकाकी दिसली. वरच्या खुणेला टेकलेली. मन भरून आलं. सहज काडी उलटी केली, तर मागच्या बाजूला तीच चकाकी निम्म्यावर!

एकाच काडीच्या दोन बाजूंना दोन पातळ्या. जमलेल्या माणसांत तत्काळ दोन तालमी पडल्या. एक म्हणे वरची खरी, दुसरी म्हणे खालची. शेवटी वस्तादांनी निकाल दिला, "नळीच्या भितीला घासून वर लागतंय त्ये. खालचं धरा." (मॅन्युअलमध्येही तेच निघालं. वस्तादांनी मॅन्युअल वाचलेलं नाही.)

इतक्यात आतून आवाज आला, "माझं पुरणाचं फडकं कुठाय? मी कधीपासून शोधतोय!"

ही आमची सौभाग्यवती. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याहून पाहुणी आली की पहिला दिवस ती दरवाज्याकडं बघत बसते, आत आणखी कोण पुरुष आहे म्हणून. फडकं माझ्या हातात होतं. त्याचं पुढं काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. तारीख, वेळ, किलोमीटर, पातळी. पूर नियंत्रण कक्षाच्या धर्तीवर. सोमवारी काडी वरच्या खुणेजवळ. मंगळवारी पाव हिस्सा खाली. बुधवारी परत वर. आमच्या गाडीत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं. म्हणजे पाव लिटर ऑइल एका रात्रीत गेलं होतं आणि दुसऱ्या रात्री मुकाट्यानं परत आलं होतं. गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून बघितला. त्यावर थेंब पडला नाही, गल्लीतलं मांजर मात्र मुक्कामाला आलं.

ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, "कशाला काडी बघतोस? कमी झालं की लाल दिवा लागतो." हा गैरसमज फार मोठ्या लोकसंख्येत आहे. तो किटलीचा लाल दिवा पातळीचा नव्हेच, प्रेशरचा. तो लागला म्हणजे ऑइल इंजिनात फिरायचं थांबलंय; तिथल्या तिथं गाडी बंद करायची. पाणी उंबऱ्याच्या आत आल्यावर भोंगा वाजवल्यासारखं आहे ते. दुसरा म्हणाला, धूर बघ. काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा दाट सुटत राहिला तर पाणी, निळा असेल तर ऑइल. मग रोज सकाळी गाडी चालू करताना मी मुलीला मागं लांब उभं करू लागलो. ती दुसरीत आहे. चित्रकलेत बरी आहे. तिचा अहवाल असायचा, "पप्पा, राखाडी हाय. कडेनं जरासा जांभळा पण."

शेवटी वही घेऊन उद्यमनगर गाठलं. ओळखीचे मिस्त्री आहेत. आयुष्यभर विहिरीवरची ऑइल इंजिनं उघडली आणि मिटवली. त्यांनी वही वाचली नाही, नुसती उलटी करून मागची किंमत बघितली आणि विचारलं, "गाडी कुटं लावतासा?"

"गल्लीत."

"रोज एकाच तोंडानं?"

मी विचार केला. जागा मिळेल तसं. कधी तोंड वर, कधी खाली.

"गल्ली सपाट हाय?"

आमची गल्ली सपाट नाही. पेठेतली आहे. पोरांचा बॉल निसटला की थेट खालच्या चौकात सापडतो. गाडीचं तोंड चढाला असलं की इंजिनाच्या बुडाशी असलेल्या चेंबरमधलं ऑइल एकीकडं सरतं, उताराला असलं की दुसरीकडं, आणि काडी बिचारी आपल्या जागी उभी. दीड महिना मी ऑइल नव्हे, गल्लीचा उतार मोजत होतो.

मिस्त्रींनी दोन बोटांत ऑइल चोळून बघितलं. "ह्ये काय ओ? ऑइल हाय का पानी?"

0डब्ल्यू-20, मी ऑइलचा ग्रेड पाठ म्हटला. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीतही पातळ राहून चटकन वर पोचतं. कोल्हापुरात विंटर म्हणजे स्वेटर पेटीतून काढून उन्हात घालून परत पेटीत ठेवायचा आठवडा, पण गाडीला ते कोण सांगणार. मिस्त्री म्हणाले, नव्या इंजिनात मायलेजसाठी सगळंच पातळ आणि हलकं. पिस्टनच्या रिंगासुद्धा सिलिंडरला बेताच्या दाबानं धरतात, म्हणजे घासणं कमी. मग थोडं ऑइल वर निसटतं आणि जळतं. "रिंगा आवळल्या तर पेट्रोल खाणार, सैल सोडल्या तर ऑइल खाणार. खाईत न्हाई असं इंजन आन् खाईत न्हाई असा कंत्राटदार, दोन्ही मला दावा."

"मग वरून ओतून ठेवू का थोडं जास्त?"

"आजाबात न्हाई! वरच्या खुणंच्या वर गेलं की क्रँक त्यात बुडतंय. ताक घुसळल्यागत फेस. फेसानं कुटं वंगण हुतंय व्हय?"

म्हणजे खालीही धोका आणि वरही धोका. नदी परवडली.

आता सपाट जागा शोधणं आलं. या शहरात डोळ्यांना सपाट दिसणारी जागा पुष्कळ, पण माझा डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. गवंड्याकडून स्पिरिट लेव्हल मागून आणली. एका रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर हवा भरायच्या बाजूला गाडी लावली, इंजिन बंद केलं, ऑइल खाली उतरायला दहा मिनिटं द्यायची असतात म्हणून घड्याळ लावलं, आणि तेवढ्यात जमिनीवर चार ठिकाणी लेव्हल ठेवून आकडे वहीत मांडू लागलो. खिशाला पेन, हातात वही, फरशीवर स्पिरिट लेव्हल. पाचव्या मिनिटाला मॅनेजर धावत आला. मागोमाग पोऱ्या चहा घेऊन. "साहेब, आधी सांगायचं तरी! पाच लिटरचं माप आणू का बाहेर?"

मला वजनमापे खात्याचा माणूस समजले होते. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण चहा चांगला होता. त्यानंतर मी दर रविवारी तिथंच जातो. त्या पंपावर पेट्रोल फार काटेकोर मिळतं.

सपाट जागेवरचे आकडे मात्र खरे बोलू लागले. चार-पाच रविवारांत काडी हळूहळू उतरली, परत चढली नाही. गाडी खरंच ऑइल खात होती! मला जो आनंद झाला तो चमत्कारिक होता. वहीसकट शोरूमवर गेलो. तिथल्या साहेबांनी थंड आवाजात सांगितलं, "सर, नवं इंजिन आहे, हे नॉर्मल आहे. 1000 किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालतं."

मी तोंडी हिशोब केला. ऑइल बदलायचं 10,000 किलोमीटरला. म्हणजे मर्यादेत राहूनही गाडी दहा लिटर पिऊ शकते. इंजिनात एकूण मावतं साडेतीन लिटर. मग सर्व्हिसला तुम्ही बदलता ते कुणाचं ऑइल? साहेबांनी यावर पाणी मागवलं आणि म्हणाले, "आपण टेस्ट लावू."

टेस्ट म्हणजे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, काडीला आणि झाकणाला रंगाचं सील मारायचं, किलोमीटर लिहून घ्यायचे आणि 1000 किलोमीटरनंतर परत यायचं. तोवर काडीला हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून दोनदा म्हटलं.

ते दिवस वाईट गेले. रविवारी सकाळी हात शिवशिवायचा. पंपावर जाऊन नुसता चहा पिऊन यायचो. शिवाय माझं रोजचं जाणं-येणं बारा किलोमीटर. 1000 व्हायला तीन महिने लागले असते. मग आम्ही फिरायला लागलो. जोतिबा झाला, पन्हाळा दोनदा झाला, नृसिंहवाडी झाली. गगनबावड्याचा घाट उतरून लगेच चढून आलो. निपाणीच्या मावशीकडं पूर्वसूचना न देता गेलो, तेव्हा तिला आधी वाटलं कुणीतरी गेलं. "कसं काय येणं केलंस बाबा?" मी म्हटलं, "काही नाही, ऑइल जाळायला आलो." मावशीनं माझ्या बायकोकडं जी नजर टाकली, ती मी विसरणार नाही.

1000 किलोमीटर झाले. शंभराच्या वरच्या भावानं सहा-सात हजारांचं पेट्रोल जळलं. सील फोडून मापाच्या भांड्यानं ऑइल भरलं तेव्हा 200 मिली गेलं. चहाचे दोन ग्लास! साहेब म्हणाले, मर्यादेत. मिस्त्री म्हणाले, रिंगा बसतील तसं कमी हुईल. वस्ताद म्हणाले, "आमच्या खुराकाच्या मानानं कायच न्हाई."

हळूहळू खरंच कमी झालं. पण सवय राहिली. आता डिकीत ऑइलची एक लिटरची बाटली असते, काडी पुसायला बनियन वेस्टची, म्हणजे बनियनच्या चिंध्यांची, गुंडाळी असते आणि पुरणाचं फडकं आता कुलपात असतं. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक येते, तेव्हा सगळे सोनं लुटायला पुढं सरकतात आणि मी त्या गाडीच्या लांबलचक बॉनेटकडं बघत उभा असतो. हिची काडी केवढी असेल?

यंदा पावसानं चार दिवस उसंत दिली नाही. पंचगंगा इशाऱ्याला टेकली, खालच्या गल्लीतल्या गाड्या वर आणून लावायला सुरुवात झाली. आमच्या गाडीला नातेवाइकांच्या बंगल्यात जागा मिळाली, सिमेंटचं सपाट पार्किंग. अशी जागा मला जन्मात मिळाली नव्हती. रात्री साडेबाराला, पाऊस जरा कमी झाल्यावर, टॉर्च आणि वेस्ट घेऊन मी हळूच तिकडं जाऊन आलो. घरी परतलो तर दिवा चालू. ही अंथरुणात उठून बसली होती, चेहरा काळजीनं एवढासा झालेला.

"किती?" तिनं विचारलं.

माझे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या दुःखात आपणहून सामील झाली होती. मी तिच्याशेजारी बसून हळुवारपणे म्हटलं, "वरच्या खुणेच्या खाली दोन मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी."

"अहो, नदी किती झाली विचारतोय मी!"