सही कोनी?

रविवारी आमच्याकडे सकाळचे साडेअकरा झाले की धुळ्यात रात्रीचे नऊ वाजतात, आणि अण्णांचा फोन येतो. एरवी आधी तब्येत, मग पाऊस, मग भावकी. परवा तसं काही नाही, थेट मुद्द्यालाच हात: "तू तठे बोर्डवर शेस ना? मंग सांग, मॅनेजर ठेवाना का नही?"

म्हणजे, तू तिकडे बोर्डावर आहेस, तर मॅनेजर ठेवायचा की नाही? प्रश्न धुळ्यातल्या देवपूर भागातल्या आमच्या सोसायटीचा. चोवीस फ्लॅट, एक बोअर, एक लिफ्ट, आणि नळाला कधी चार दिवसांनी तर कधी आठ दिवसांनी येणारं पाणी. बँकेतून निवृत्त झालेले एक काका नऊ वर्षं सेक्रेटरी होते. एप्रिलच्या उन्हात मोटर जळाली, टँकर मागवावे लागले, टँकरवाल्याने पावत्या दिल्या नाहीत, आणि सभेत कोणीतरी 'कमिशन' हा शब्द काढला. काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि चप्पल घालून घरी गेले. आता नाशिककडची एक कंपनी दरमहा फ्लॅटमागे ठरावीक रक्कम घेऊन सगळं बघायला तयार आहे. निम्मे म्हणतात, देऊन टाका, रोजची कटकट जाईल. उरलेले म्हणतात, घरचा माणूस खातो असं वाटत होतं, आता बाहेरच्याला खायला बोलावता का? अण्णा चेअरमन. त्यांना माझ्याकडून 'हो' हवं होतं, कारण मी अमेरिकेत आहे आणि अमेरिकेत सगळीकडे मॅनेजर असतात.

असतात, हे खरं. मी फ्लोरिडात राहतो. आमच्या वसाहतीत एकशे ऐंशी घरं आहेत, मधे एक तळं आहे, आणि घरमालकांची एक असोसिएशन आहे. घर घेताना तिचं सभासदत्व टाळता येत नाही. वर्गणी थकली तर असोसिएशन घरावर बोजा चढवू शकते. निवडून आलेलं पाच जणांचं बोर्ड बिनपगारी काम करतं आणि रोजचा कारभार एक व्यवस्थापन कंपनी पाहते. चार वर्षांपूर्वी मी बोर्डावर गेलो, त्यामागे सेवाभाव वगैरे काही नव्हता. आमच्या दारातला आंबा नियमात बसत नाही अशी नोटीस आली होती, तेव्हा म्हटलं, नियम करणाऱ्यांत बसलेलं बरं. (आंबा अजून आहे. दोनदा मोहोर आला, फळ एकदाही नाही.)

अण्णांना मी तळ्याच्या पंपाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे बिलं फोनवरच्या अ‍ॅपमध्ये येतात. मॅनेजर बिल चढवते, मग खजिनदार आणि आणखी एक सदस्य 'मंजूर' दाबतात, की पैसे गेले. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या दुरुस्तीचं एकच बिल दोनदा आलं, एकदा मार्चमध्ये आणि एकदा मेमध्ये. फक्त क्रमांक वेगळा होता. मंजूर करणाऱ्यांत दोन्ही वेळा मीही होतो. एकदा मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बाकावर बसून, आणि दुसऱ्यांदा कुठे होतो ते आठवतही नाही. ते ऑगस्टमध्ये सापडलं. आम्ही मॅनेजरला विचारलं, हे कसं झालं? ती शांतपणे म्हणाली, मंजुरी तुमचीच आहे. आम्ही म्हणालो, बिल तुम्हीच पाठवलंत, तपासून पाठवलं असणार असं धरून मंजूर केलं. तिने ते आमच्या भरवशावर पुढे पाठवलं होतं आणि आम्ही तिच्या भरवशावर मंजूर केलं होतं. दोन पहारेकऱ्यांनी एकमेकांच्या जिवावर डुलकी काढावी तसं. पैसे परत आले, पण कंत्राटदाराकडून ते काढायला पाच महिने लागले.

त्यानंतर कंपनी बदलायची ठरवली तेव्हा कळलं की करार आपोआप पुढच्या वर्षात जातो. थांबवायचा तर साठ दिवस आधी लेखी कळवायचं. आमचा मुहूर्त नऊ दिवसांनी हुकला. वर्षभराने बदलली, तर जुन्या कंपनीकडून कागदपत्रं मिळायला दोन महिने गेले. वर्गणीचा हिशेब, इतिवृत्तं, नकाशे, सगळं त्यांच्या संगणकात होतं. कागद आमचे होते, पण आमच्याकडे नव्हते.

असं नको म्हणून इथे कायदे आहेत, आणि ते बरेचसे ठेच लागल्यावरच झालेत. दहाहून जास्त घरं किंवा वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा मोठं अंदाजपत्रक असलेली असोसिएशन सांभाळायची तर फ्लोरिडात मॅनेजरला राज्याचं लायसन्स लागतं. टेक्सासात तसं लायसन्सच नाही. 2024 च्या जुलैपासून आमच्यासारख्या वसाहतींत निवडून आलेल्या सदस्याला 90 दिवसांत प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि मॅनेजरला वर्षात किमान एका सभेला स्वतः हजर राहावं लागतं. कंत्राटदाराकडून वरकमाई घेणं हा फौजदारी गुन्हा आहे, मग घेणारा बोर्डाचा सदस्य असो की मॅनेजर. मला यातली सभेची अट सर्वांत मोलाची वाटते. ज्याची चूक आहे तो माणूस समोर खुर्चीवर बसलेला असला की सभेचा सूरच बदलतो.

आणि ठेच म्हणावी तर ती मायामीजवळच्या सर्फसाइडची. 1981 साली बांधलेला बारा मजली टॉवर. 2018 मध्ये अभियंत्याने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाखालचा स्लॅब झिरपून खराब होतो आहे. दुरुस्तीचा खर्च मोठा, रहिवासी तयार नाहीत, भांडणं झाली आणि 2019 मध्ये बोर्डातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. एप्रिल 2021 मध्ये अखेर सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी बसवली गेली. 24 जूनला मध्यरात्र उलटल्यावर इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि 98 माणसं गेली. का कोसळली याचा तांत्रिक भाग अभियंत्यांचा. मला मात्र ती मधली अडीच वर्षं दिसतात. अहवाल फाइलीत होता, मॅनेजरही होता, बोर्डही होतं. पण शेजाऱ्याच्या दारात जाऊन "लाखभर डॉलर काढ" म्हणणं हे मॅनेजरच्या हातात नसतं. पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला: तीन किंवा जास्त मजल्यांच्या अशा इमारतींची तीस वर्षांनी सक्तीची तपासणी, आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखीव निधी.

हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, आपली तर चारच मजली. मी विचारलं, सिंकिंग फंडात किती आहे? फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, मोठ्या दुरुस्तीसाठीचा हा राखीव फंड दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के जमवायचा आणि दुरुस्ती फंड 0.75 टक्के. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स वाढवण्याचा विषय निघाला की चहा येतो आणि विषय संपतो. हा चहा कुठलीही कंपनी थांबवू शकणार नाही. ती फार तर चहाचं बिल लावेल.

धुळ्यात 'मॅनेजर नेमा' म्हणणाऱ्यांचा समज असा दिसतो की करार झाला की जबाबदारीही गेली. आपला कायदा तसं म्हणत नाही. सहकारी संस्था अधिनियम 1960 चा, आणि त्याचं कलम 73 सांगतं की समितीने घेतलेल्या निर्णयांना समितीचे सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार. निबंधक कार्यालयातून पत्र येईल ते चेअरमनच्या नावाने, नाशिकच्या कंपनीच्या नव्हे. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा झाली नाही तर उत्तर अण्णांनाच द्यावं लागेल.

पण मला अण्णांना अमेरिका शिकवायची नव्हती. त्यांना याहून चांगलं उदाहरण ठाऊक आहे, फक्त ते त्याला सोसायटी म्हणत नाहीत. आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे फडाची शेती होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, आणि प्रत्येक फडात अनेकांचे तुकडे. यंदा कुठल्या फडात ऊस आणि कुठल्यात भुसार, हे पंच ठरवायचे, आणि एका फडातल्या सगळ्यांनी तेच पीक घ्यायचं. पाणी मात्र पंच देत नसत, शेतकरी तर नाहीच. ते पाटकरी देणार. पिकाची राखण जागल्या करणार, आणि या दोघांवर हवालदार. त्यांचा मोबदला धान्यात, सगळ्यांच्या शेतातून. आजोबा सांगायचे, स्वतःच्या वावरात पाणी कमी पडलं तरी पाटाची दारं फोडायला हात लावायचा नाही. पाटकऱ्याशी भांडायचं नाही. पंचांकडे जायचं. आणि पंचानेही पाटकऱ्याला परस्पर 'आज माझ्याकडे आधी सोड' म्हणायचं नाही. हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस. ही पद्धत काही शतकं चालली.

तिचं उगाच सोनं करत नाही. पंचांत बाई नव्हती, भूमिहीन माणूस नव्हता. विहिरींवर मोटारी आल्या, वर धरणं झाली, तसे बरेच फड मोडले. पण ठरवणारा कोण आणि राबवणारा कोण ही रेघ तिथे पाटाइतकी स्पष्ट होती, आणि आमच्या अ‍ॅपमध्ये ती पुसट आहे. देवपुरात तर नऊ वर्षं एकच माणूस पंच, हवालदार, पाटकरी आणि जागल्या होता. त्याच्यावर संशय आला नसता तरच नवल. काकांनी पैसे खाल्ले असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना तपासणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते निर्दोष आहेत हे सिद्ध करायलाही कोणी उरलं नाही.

एका गोष्टीत मात्र देवपूर आमच्या पुढे आहे. आमच्या मागच्या सभेला एकशे ऐंशीपैकी सात घरांतून माणसं आली, त्यातली दोन कुत्र्यांच्या तक्रारीसाठी. कोरम मुखत्यारपत्रांवर भागवला. तिकडे चोवीस फ्लॅटमधून तीस माणसं येतात, आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जातो, आणि टँकरची पावती मागणारं कोणीतरी असतं. पंपाचं दुसरं बिल देवपुरात मेमध्येच पकडलं गेलं असतं.

म्हणून मी 'हो' म्हटलं, पण अण्णांना हवं होतं तसं नाही. मोटर, लिफ्टची देखभाल, वॉचमनचा पगार, पावत्या, ऑडिटरला लागणारे कागद, हे खुशाल कंपनीला द्या. कंत्राट कोणाला द्यायचं, मेंटेनन्स किती, थकबाकीदाराला किती मुदत, हे समितीने ठरवून इतिवृत्तात लिहा. चेकवर सही समितीची. कंपनीच्या माणसाला सांगणारा समितीतला एकच असावा, नाहीतर चोवीस मालक एका पोराला दिवसभर पळवतील. करार अकरा महिन्यांचा, आपोआप वाढणारा नाही. दर महिन्याला सगळ्या कागदांची प्रत सोसायटीच्या कपाटात. आणि मॅनेजर प्रत्येक सभेला हजर.

अण्णांनी सगळं लिहून घेतलं. कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "म्हणजे पैसा कोना, नि सही कोनी, हाईच ना?" पैसा कोणाचा आणि सही कोणाची, एवढंच ना. मी म्हटलं, एवढंच.

"मंग काकासले परत बोलावतस," ते म्हणाले. सेक्रेटरी म्हणून नाही. कंपनीची बिलं तपासायला. नऊ वर्षांत कुठला टँकरवाला किती लिटरला किती सांगतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? काका येतील का, हे अजून कळलेलं नाही. किल्ल्यांचा जुडगा सध्या अण्णांच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.