काहीच नसण्याची देखभाल

आमच्याकडे आलेला पाहुणा गाडीतून उतरला की आधी कंबर सरळ करतो, मग तलावाकडे बघतो आणि म्हणतो, "वा! इथं काहीच नाही हो! किती छान!"

त्या वेळी माझ्या हातात बहुधा खराटा, मेणबत्ती किंवा शेपटीला धरलेला मेलेला उंदीर असतो. मी तो पाठीमागे लपवतो आणि "या, या" म्हणतो.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधपासून फार लांब नाही अशा एका गावात माझ्या साळ्याची तलावाकाठी पडीत जमीन होती. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्या जमिनीला अचानक 'लोकेशन' आलं. साळ्यानं आठ तंबू आणले, दोन संडास बांधले, पाटी लावली: 'लेकसाइड कॅम्पिंग रिसॉर्ट'. मग म्हणाला, "भाऊजी, तुम्ही घरी बसूनच राहता, जरा लक्ष ठेवा." बायको म्हणाली, "जा, तेवढीच मला शांतता." असा मी मॅनेजर झालो. गावात मात्र ते रिसॉर्ट 'गुरजीचे तंबू' म्हणूनच ओळखलं जातं.

आमचा सगळा धंदा या 'लेकसाइड'वर उभा आहे आणि लेक काही एका जागी उभा राहत नाही. आमचा तलाव म्हणजे मामा तलाव. "कोणाच्या मामाचा?" हे दर रविवारी एकदा तरी ऐकतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी ऊस आणि धान पिकवायला या भागात हजारो तलाव बांधले. 1951 साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाणी अजून धानाचंच आहे. परतीचा पाऊस दगा देतो, धान गर्भार असतं, शेतकरी तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, उघडतात आणि आमचा तलाव पाटानं धानाच्या बांध्यांमध्ये निघून जातो. ऑक्टोबरात तंबूच्या दारातून पाणी वीस पावलांवर असतं. जानेवारीत ऐंशी. एप्रिलमध्ये तंबू आणि पाण्याच्या मधे एवढा चिखल असतो की त्यात गाळपेर केलेली काकडी आम्हीच पाहुण्यांना खाऊ घालतो.

एकदा नागपूरचं एक कुटुंब मार्चमध्ये आलं. फोटोतला तलाव आणि समोरचा तलाव यांचा मेळ बसेना. गृहस्थांनी आमच्या चौकीदाराला दरडावून विचारलं, "इथला तलाव कुठं गेला?"

चौकीदाराला गाव 'जमादार' म्हणतं. कुठल्या खात्याचा जमादार होता ते कोणी सांगत नाही. तो शांतपणे म्हणाला, "धानात गेला ना जी. रात्री तुम्ही भातासंगं खाल्ला."

तर वर्षाची सुरुवात दसऱ्याच्या आसपास, तंबू उघडण्यापासून. जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, संपता संपता, आम्ही ते तीन दिवस कडक उन्हात वाळवतो, कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून घड्या करतो आणि विटांवर फळ्या टाकून रचून ठेवतो. इतकी काळजी मी माझ्या लग्नाच्या कोटाचीही घेतली नाही. तरी चार महिन्यांनी गोदामाचं दार उघडलं की आत वाळवीचं, बुरशीचं आणि उंदरांचं संयुक्त अधिवेशन भरलेलं असतं. यंदा पाच नंबरच्या तंबूत उंदरीण बाळंत झाली होती, तीही मच्छरदाणीच्या जाळीची गादी करून. गुलाबी, डोळे न उघडलेली सात पिल्लं. जमादार म्हणाला, "गुरजी, यायचं बुकिंग कवापासून हाये?"

बुरशीचे काळे ठिपके घासायला मऊ ब्रश आणि साधं पाणी. हे मी प्रत्येक वर्षी सांगतो आणि प्रत्येक वर्षी कोणीतरी कपड्याचा सोडा घालून डाग स्वच्छ काढतं. सोबत कापडाचा पाणी अडवायचा गुणही स्वच्छ निघून जातो. तीन नंबरचा तंबू त्यामुळे दिसायला सर्वांत गोरा आहे आणि दव पडलं तरी गळतो. तो आम्ही नवविवाहितांना देतो. ते तक्रार करत नाहीत.

चेनचं दुखणं वेगळंच. तंबूची चेन गंजली की ती अर्ध्यावर येते, थांबते आणि विचारात पडते. वर जात नाही, खाली येत नाही. जोर लावला की दात सोडते. यावर उपाय एकच: मेणबत्तीचं बूड घेऊन चेनच्या दोन्ही बाजूंना, एकेका दातावर, वरून खाली घासत बसायचं. मग हळूच दोनदा खाली-वर करायची. आठ तंबू, प्रत्येकाला दार-खिडक्या धरून चार चेना. बत्तीस. पस्तीस वर्षं मी पोरांना पाढे घासायला लावले, त्याचा हा हिशेब चुकता होतोय.

चेनेवर माझा एवढा जीव का, तर मण्यारीमुळे. धानकापणीच्या दिवसांत उंदीर फिरतात, उंदरांमागे साप. त्यातही मण्यार रात्रीची, ऊब शोधत अंथरुणात शिरणारी, आणि तिचा दंश कित्येकदा समजतही नाही. म्हणून दिवेलागणीला मी प्रत्येक तंबूपुढे उभा राहून सांगतो: चेन खालपर्यंत लावा, बूट झटकून घाला, टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय न हलवता सरळ ग्रामीण रुग्णालय. लोक कौतुकानं ऐकतात. मग त्यातलाच एक जण चेन उघडी ठेवून घोरत पडतो, "हवा यायला."

जॅकेटांचंही तेच. नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट सक्तीचं. दर मोसमाच्या सुरुवातीला मी प्रत्येक जॅकेट तलावात बुडवून बघतो, सोडलं की उसळून वर येतं का. यंदा दोन जॅकेटं वर आलीच नाहीत, पाण्याखालीच आपला आळस दाखवत राहिली. चौकशीअंती कळलं, जमादार पावसाळाभर त्यांवर डोकं ठेवून झोपला होता. आतला फोम दबून त्याच्या डोक्याच्या आकाराचा झाला होता. ती दोन आता फक्त उशाच आहेत. नाव चालवणारे, मच्छीमार सोसायटीतले ढिवर काका स्वतः मात्र जॅकेट घालत नव्हते. "गुरजी, मी बुडलो तं सोसायटीचे मासे हासतीन." शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी, म्हणजे त्यांच्याच थोरल्या भावानं, घातल्याशिवाय नाव नाही असा दम दिला. आता घालतात. पट्टा लावत नाहीत.

पाऊस परतताना ढग गडगडू लागला की मी शिट्टी फुंकतो. नाव काठाला, माणसं मोटारीत. तंबूत नाही, झाडाखाली नाही आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, तर मुळीच नाही. पण नेमकी तेव्हाच पाहुण्यांना पाळीवरून ढगांचे फोटो काढायची हुक्की येते. पाळ म्हणजे आसपासची सगळ्यात उंच जागा. तिथं हात वर करून उभं राहणं म्हणजे विजेला "हजर गुरुजी" म्हणणं.

बेशरमी नावाच्या झुडपाबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. काठावर ती माजते, आम्ही कापतो, ती ओल्या मातीत पडल्या पडल्या मुळं धरते. एका वर्षी काटकसर म्हणून कापलेल्या काड्यांचं कुंपण केलं. कुंपणाला जांभळी फुलं आली. पाहुण्यांनी त्यांचेही फोटो काढले.

सगळ्यात जास्त मी घाबरलो तो डिसेंबरात. पारा आठ अंशांवर उतरला होता. शेकोटीपाशी जेवणं झाली, वडाभात संपला, जो तो तंबूत गेला. रात्री अकराला फेरी मारताना सहा नंबरच्या कापडातून लालसर उजेड दिसला. चेन ओढली, (मेणबत्तीचे उपकार) तर आत आमच्याच स्वयंपाकघरातली कोळशाची शेगडी, भोवती चार माणसं रजयांत, आणि खिडक्या आतून घट्ट बंद. मी शेगडी उचलून बाहेर फेकली, हात भाजला, सगळ्यांना ओढून उघड्यावर बसवलं. दोघांचं डोकं गरगरत होतं. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपूनच राहतो. कुटुंबप्रमुख थंडीनं कुडकुडत म्हणाले, "पण धूर तर नव्हता!" हेच तर, म्हटलं, हेच तर. त्या रात्रीपासून शेगडीला साखळी आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला.

आणि त्याच रात्री, बारा वाजता, गावात नाटक सुरू झालं.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. गावोगाव नाटकं, रात्री दहा म्हटलं की बाराला घंटा, पहाट फुटेस्तोवर खेळ. कर्ण्यातून आलेला खलनायक तलावाच्या पाण्यावरून घसरत थेट आमच्या उशाशी हसतो. बाहेर काढलेल्या पाहुण्यांना मी काय तोंड देणार? "शांततेचे पैसे घेता ना तुम्ही?" असं ते म्हणायच्या आत जमादारनं घोंगडी खांद्यावर टाकली. "चला जी, आता झोप का येते तुमाले? नाटक पाहाले चला."

गेले. चौघंही. मीही गेलो. मंडपात शिरलो तेव्हा कापड ओळखीचं वाटलं. वर बघितलं: आमचा तीन नंबर! मोसमात रिकामा असला की तो नाटकाला जातो, उन्हाळ्यात लग्नाला, मधूनच एखाद्या तेरवीला. साळ्याला हे ठाऊक नाही. हा मजकूर त्याच्या वाचनात येणार नाही अशी आशा आहे. सरपंचबाईंनी पाहुण्यांना पुढच्या सतरंजीवर जागा दिली, कोणीतरी चहा आणला, आणि पहाटे पाचला नायिकेच्या मरणावर सहा नंबरच्या बाईंचे डोळे माझ्या शेगडीपेक्षा जास्त लाल होते.

दुसऱ्या दिवशी निघताना गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: 'अत्यंत शांत जागा. इथं काहीच नाही. कृपया असंच ठेवा.'

जमादारनं ते माझ्याकडून वाचून घेतलं. दोनदा. मग तलावाकडे, कुंपणावरच्या फुलांकडे, माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "गुरजी, असंच ठेवाले आनखी दोन मानसं लागतीन."

मी काही बोललो नाही. चार नंबरची चेन पुन्हा अर्ध्यावर अडली होती आणि मेणबत्ती संपत आली होती.