पावावर कर नाही, तरी महाग का?

ब्रेड का महागला यावर एक लेख वाचला. त्यात भाववाढीचं सगळं खापर मैद्यावर फोडलंय, ते अर्धवट आहे. ४०० ग्रॅमच्या ब्रेडला भिजवलेलं पीठ ४५० ग्रॅम लागतं, त्यात मैदा साधारण २६० ग्रॅम. बाकी पाणी, साखर, यीस्ट, मीठ, तूप.

ब्रेडवर जीएसटी शून्य आहे, म्हणूनच पिशवी आणि मशीनवर भरलेल्या कराची वजावट (तो विक्रीवरच्या करातून वळता करणं) मिळत नाही. तो किमतीतच मुरतो. टोस्टवर ५ टक्के लागतो, पण तिथे नोंदणीकृत बेकरीला वजावट मिळते.

आणि इंदूरच्या लहान बेकऱ्यांना खरा फटका बसतो तो दुकानांतून परत आलेल्या मालाचा, विशेषतः पावसाळ्यात. पहाटेच्या फेरीच्या घाईत ब्रेड कोमट असतानाच कापतात, पिशवीत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. गाभा ३५ ते ३८ अंशांवर उतरेपर्यंत सुरी लावूच नये, मग दोन तास थांबावं लागलं तरी चालेल.

स्थानिक गहू वापरा म्हणणाऱ्यांसाठी: माळव्याचा कठिया (ड्युरम) गहू बाफल्यांना, म्हणजे तिकडच्या बाटीसारख्या गोळ्यांना, अप्रतिम, पण त्याचं ग्लुटेन (पिठातलं चिवट प्रथिन) नीट ताणलं जात नाही, ब्रेड बसका होतो. शरबतीही मुख्यतः पोळीचाच गहू.