नवा बंब महिन्यात तीनदा गॅरेजला गेला, म्हणजे फसवणूकच झाली?

अमेरिकेतले निम्म्याहून जास्त अग्निशामक जवान पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत. गावानं कर आणि वर्गणीतून पैसे साठवून घेतलेल्या नव्या बंबाबद्दल तिथे एक तक्रार वारंवार फिरते: 'पंप गळतो, बॅटरी बसते, इंजिनाचा दिवा पेटतो. जुना पंचवीस वर्षांत असा रुसला नव्हता. कारखान्यानं फसवलं, आणि जुना विकून टाकला ती वेगळीच चूक.' यातलं थोडं खरं आहे, पण बरंचसं चुकीच्या माणसाच्या माथी मारलेलं आहे.

'पंपातून पाणी गळतं.' आधी पाणी कुठून येतंय ते बघा. पंपाच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, दोरीसारखं पॅकिंग असेल तर दाबाखाली थेंब पडलेच पाहिजेत, त्या पाण्यानंच शाफ्ट थंड राहतो. थेंब मोजता आले तर ठीक. धार लागली तर पंप दाबावर चालू ठेवून ग्लँड (पॅकिंग दाबून धरणारा भाग) अगदी थोडा आवळायचा आणि काही मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. थेंब पूर्ण बंद होईपर्यंत आवळला की पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चर पडतात. पंपाला पॅकिंगऐवजी मेकॅनिकल सील (एकमेकींवर घट्ट टेकलेल्या दोन चकत्या) असेल तर हिशोब उलटा: तिथे सतत थेंब पडणं हा दोषच, सरळ वॉरंटीत टाका. तिसरी शक्यता अशी की हायड्रंट (आगीसाठीचा सार्वजनिक नळ) जोडल्यावर गाडीखाली धोधो पाणी येतं. ती बहुधा गळती नसतेच. इनटेकचा (पाणी आत घेणाऱ्या तोंडाचा) रिलीफ व्हॉल्व, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, कारखान्यातून साधारण 125 पीएसआय (दाबाचं एकक) ला बसवून येतो. गावाच्या नळाचा दाब त्याहून जास्त असेल तर तो पाणी बाहेर टाकणारच.

खरी गळती शोधायची तर कोरडी व्हॅक्यूम चाचणी करा. पंप पूर्ण रिकामा, टाकीचे व्हॉल्व बंद, इनटेकना झाकणं घालून त्यांचे व्हॉल्व उघडे, डिस्चार्जचे (पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडांचे) व्हॉल्व बंद पण झाकणं काढलेली. प्रायमरनं (पंपातली हवा ओढून काढणाऱ्या यंत्रानं) व्हॅक्यूमच्या काट्यावर 22 इंच पारा गाठायचा, प्रायमर आणि इंजिन बंद करायचं आणि पाच मिनिटं काटा बघायचा. 10 इंचांपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी हवा शिरतेय. डिस्चार्जची झाकणं काढायला विसरलात तर ती झाकणंच व्हॉल्वची गळती झाकतात आणि चाचणी खोटी पास होते. ही चूक अनुभवी लोकही करतात.

'बॅटरी दर आठवड्याला बसते.' बॅटरी बदलून देणारा विक्रेता इथे तुमची दिशाभूल करतोय. टॉर्चचे आणि वॉकीटॉकीचे चार्जर, थर्मल कॅमेरा, टॅबलेट, शिवाय झोपेतही थोडी वीज खाणारी कंट्रोल मॉड्यूल: सगळं मिळून फक्त एक अँपिअर धरा. सात दिवसांत 168 अँपिअर-तास होतात. शंभर-शंभरच्या दोन बॅटऱ्या संपत आल्याच. पगारी दलाचा बंब दिवसातून अनेकदा फिरतो, म्हणून त्याला हे कळतही नाही. स्वयंसेवकांचा बंब आठ-आठ दिवस जागेवर असतो. शोधायची रीत अशी: मेन स्विच बंद, दारं लावलेली, भिंतीवरून येणारी चार्जिंगची वायर काढलेली. मॉड्यूल झोपायला अर्धा तास द्या. मग बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावून एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन उतरतो, तो सर्किट तुमचा चोर. चार्जर चालू असल्याचं भिंतीवरच्या दिव्यावरून ठरवू नका, बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा.

'इंजिनाचा दिवा पेटतो, ताकद पडते.' हा बहुतेक वेळा धुराच्या फिल्टरचा प्रश्न. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि तासन्‌तास आयडलिंग, यात एक्झॉस्ट तापतच नाही, काजळी जळत नाही. दिवा पेटला की गाडी उभी करून रीजन, म्हणजे फिल्टर तापवून काजळी जाळणं, चालवायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. सुक्या गवतावर कधीच नाही. एक्झॉस्टचं तोंड आग लावण्याइतकं तापतं, आणि अग्निशामक दलानं लावलेली आग हा विनोद फार महाग पडतो. रीजन रोखणारा स्विच कुणी दाबून ठेवलाय का, तेही बघा. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची टाकी वर्षभर तशीच असेल तर तो द्रवही उतरलेला असतो. अमेरिकेत 2012 साली आपत्कालीन वाहनांसाठी धुराचे नियम सैल झाले, म्हणजे मोक्याच्या क्षणी ताकद पडू न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. फिल्टर साफ करायचं काम मात्र सुटलं नाही. महाराष्ट्रात एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या भारतीय मानकाच्या) चॅसीवर बांधलेल्या नगरपरिषदांच्या बंबांनाही हेच लागू.

'जुना असा रुसला नव्हता.' जुन्यात रुसायला एवढं काही नव्हतं. इथे तक्रार रास्त आहे: सैल कनेक्टर, दाराच्या सेन्सरचा खोटा इशारा, सॉफ्टवेअरचे घोळ हे बांधणाऱ्याचेच दोष. पण दार उघडं असल्याचा लाल दिवा उगाच लुकलुकतो म्हणून त्यावर टेप चिकटवणं हा आपला दोष. चुंबक किंवा स्विच जरासा सरकवला की बहुधा काम होतं.

काही गोष्टी कारखान्याच्या हातातच नसतात. सामान तुम्ही लावता. हजार गॅलनची टाकी भरली की 3.8 टन नुसतं पाणी. त्यावर होज आणि अवजारं. मग प्रत्येक चाकाखाली वजन घ्या. अमेरिकी मानकात एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या वजनात 7 टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. चाकांचे नट पहिल्या 80 ते 160 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. टाकीत प्लास्टिकचा कीस किंवा वेल्डिंगचे कण राहिलेले असतात, तेव्हा पहिल्या दिवशी टाकी आणि पंप मोकळ्या तोंडानं धुऊन जाळ्या काढून बघा. फोमचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरचे बरेच घोळ तिथेच संपतात.

राहिला जुना बंब विकण्याचा मुद्दा. त्यात तक्रार करणारे शंभर टक्के बरोबर. नव्याची व्हॅक्यूम चाचणी, पूर्ण क्षमतेनं 150 पीएसआयला पंपिंग, एअर ब्रेकची तपासणी (इंजिन बंद, ब्रेक दाबलेला, मिनिटाला 3 पीएसआयपेक्षा जास्त घट नाही) आणि निदान दहा चालकांचा रात्रीचा सराव होईपर्यंत जुना शेडमध्येच, टाकी भरून उभा हवा. प्रत्येक बिघाड तारीख, तासमीटरचा आकडा आणि फोटोसह वहीत टिपा, आणि वॉरंटीचं पत्र मुदत संपायच्या महिनाभर आधी पाठवा.