ग्रंथालयाचं ऋण असं फेडा

पुस्तक छापून झालं, तालुक्याला सत्कारही ठरला. आता राहिलं ग्रंथालयाचं ऋण. घाबरू नका लेखकराव, यात पैसा लागत नाही.

भाषणात 'मी घडलो तो गावच्या वाचनालयात' एवढं म्हणावं आणि गळा थोडा दाटून आणावा. झाली वर्गणी भरून. तशी ती दोन-चार चहांच्या भावात बसते, पण भावनेच्या जागी चिल्लर बरी दिसत नाही. दहावीत नेलेलं पुस्तक अजून घरी असेल तर तेही परत नेऊ नका. त्यावरचा वाचनालयाचा शिक्का हाच तुमच्या कृतज्ञतेचा पुरावा.

मग भेट. दिवाणाखालचे गठ्ठे बायको दर दिवाळीला मोजते. त्यातल्या पंचवीस प्रती उचला आणि 'सप्रेम' देऊन टाका. एकाच पुस्तकाच्या पंचवीस. दाखल रजिस्टरात पंचवीसदा नाव चढवायला, पंचवीस शिक्के मारायला वाचनालयातला ग्रंथपाल, आपला भाऊ, आहेच. दुपारी लाइन गेली की त्याला दुसरं काम तरी काय? (कपाटात वाळवीही आहे. ग्रंथालय हा वाढता जीव आहे, असं ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन आपल्या पाच नियमांत 1931 साली लिहून गेले. त्यांना ही अभिप्रेत नसावी.)

त्याच रंगनाथनांचा चौथा नियम मात्र पाठ करा : वाचकाचा वेळ वाचवा. म्हणजे तुमचा. तुमच्या कादंबरीत कापूस असणारच. विदर्भातल्या लेखकाला त्यातून सुटका नाही. पण 1972 साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी (कापूस विकायचा तो फक्त सरकारलाच), केंद्रासमोर बैलबंड्यांच्या रांगा, चुकाऱ्याच्या पैशासाठीचे हेलपाटे, यातलं तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. मग रात्री साडेनऊला फोन लावा. "भाऊ, तेवढं पाहून ठेवा नं." मे महिन्याच्या उन्हात, तापल्या टिनाखाली, नाकाला दुपट्टा बांधून तो जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडेल आणि चार पानं हातानं उतरवून देईल. त्यावर तुम्ही अख्खं प्रकरण लिहा. ऋणनिर्देशात प्रकाशक, बायको आणि कुलदैवत यांची नावं घ्या, शेवटी 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' टाका. भाऊ त्या अज्ञातात मावतो.

पगाराचं विचारू नये. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे, अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि आपलं गाव कुठं बसतं हे तुम्ही ओळखलंच असेल. अनुदान आलं की पगार. अडकलं की भाऊ सोयाबीन काढायला जातो आणि वाचनालय संध्याकाळी उघडतो. त्याला 'तुमची तर सेवा आहे' म्हणावं, बरं वाटतं. आपल्याला. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनाचं स्टेटस ठेवलं की वर्षाचं भागलं.

एक पथ्य मात्र पाळा. आपलं पुस्तक कोण नेतं ते पाहायला देवघेव रजिस्टर उघडू नका. मी उघडलं. वर्षात तीनदा गेलं होतं, तिन्ही वेळा भाऊच्याच नावावर.

विचारलं, तर शिक्का मारता मारता म्हणाला, "तपासनीले सायब येतात नं सर. म्हनलं, तुमचं पुस्तक कोरं नको दिसाले."