तार गेली म्हणून जागा गेली नाही

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या प्रत्येक ग्रूपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. विजेची लाइन तुमच्या जागेतून न्यायला तुमची परवानगी लागत नाही, तारेखालची जमीन सरकारजमा होते, भरपाई मिळत नाही आणि लाइन हलवायची तर सगळा खर्च तुमचा. हे वाचून लोक घाबरून गप्प बसतात, म्हणून लिहितोय.

परवानगीचं आधी. वीज कायदा 2003 चा, त्याखाली केंद्राने 2006 मध्ये केलेले नियम आहेत, त्यातला नियम 3 बघा, मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची आधी संमती घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही हरकत घेतली तर कलेक्टरची लेखी परवानगी आणायची, आणि ती आणायचं काम लाइन टाकणाऱ्याचं, तुमचं नाही. आता हेही खरं की कलेक्टर तुमची हरकत बाजूला ठेवू शकतात, नाही म्हटलं की लाइन थांबलीच असं नसतं. आणि मोठ्या टॉवरच्या लाइनीचं वेगळं, तिथे वीज कायद्याच्या कलम 164 खाली तार खात्याचे जुने, 1885 च्या कायद्यातले अधिकार दिलेले असले तर संमती लागत नाही, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये तसंच सांगितलंय. म्हणून माणसं दारात आली की पहिला प्रश्न हाच, कुठल्या अधिकाराने आलात, ऑर्डर दाखवा.

जमीन सरकारजमा होते हे साफ खोटं. त्या 1885 च्या कायद्यातसुद्धा फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी नाही. एक-चौदावरचं, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरचं, तुमचं नाव तसंच राहतं. बांधकामावर मात्र बंधन येतं, 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची, उघडी तार असेल तर घरापासून वर 3.7 मीटर आणि बाजूला 1.2 मीटर अंतर हवंच, आणि ते जिवासाठी आहे.

भरपाईचं वाचून मला खरंच राग आला, कारण हे आमच्याच घरात झालंय. काका बाजारात गेले होते, परत येऊन बघतात तर कुळागरातल्या, म्हणजे बागेतल्या, पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या, त्यांच्यावर चढवलेल्या मिरवेलींसकट, पाटाचं पाणी फांद्यांनी अडलेलं आणि कापणारे निघून गेलेले. यादी नाही, पंचनामा नाही, सही नाही. काकांनी बुंधे मोजले तेवढाच पुरावा. असं असताना वीज कायद्याचं कलम 67 म्हणतं की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. कलम 68 प्रमाणे झाड तोडायला मॅजिस्ट्रेट किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि झाड लाइनीच्या आधीचं असेल तर त्याची भरपाई ठरवायची असते. आधीचं की नंतरचं यावरच सगळं अडतं. नियम 3 मध्ये तर कलेक्टरने परवानगी देतानाच भरपाई किंवा वार्षिक भाडं किंवा दोन्ही ठरवायचं आहे, हे भाडं मागता येतं हे किती जणांना माहीत आहे? 66 केव्ही आणि वरच्या लाइनींसाठी केंद्राने जून 2024 मध्ये टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के असं सुचवलंय, पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, राज्याने स्वीकारली तरच लागू.

खर्चाचं अर्धं खरं. लाइन कायदेशीर असेल आणि तुम्हाला घर बांधायचंय म्हणून हलवायची असेल तर एस्टिमेट भरावं लागू शकतं. पण आधी लाइन नियमाप्रमाणे टाकली होती का हे तपासायचं असतं, त्यामुळे संमती किंवा ऑर्डर कुठेय हे लेखी विचारा, मग पैशाचं बघू. योग्य कारण दाखवलंत तर पोल किंवा स्टे (पोलला ताण देणारी तार) काढायचा आदेशही कलेक्टर देऊ शकतात.

आणि त्याच मेसेजखाली कोणीतरी लिहिलंय, मग स्वतःच तार कापा. कृपा करून नको, जीव जाईल आणि वर गुन्हाही.

काका आता उरलेल्या प्रत्येक पोफळीवर चुन्याने नंबर घालतायत आणि मी मागून तारखेसकट फोटो काढत चाललोय, काल त्रेचाळीसपर्यंत आलो.